न ढवळता होणारा चॉकलेट-फळांचा केक: भांड्यात नेमकं घडतं काय?

फळं भांड्यात ओता. त्यावर कोरडी पावडर पसरा. वरून वितळलेलं बटर घाला. ढवळू नका. ओव्हनमध्ये ठेवा.

एवढीच कृती असलेल्या केकचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्याला डम्प केक म्हणतात, म्हणजे सगळं नुसतं ओतून केलेला केक. केक म्हटला की चाळणं, फेटणं, अंडी एकेक करून घालणं असं ज्यांनी कायम ऐकलंय, त्यांना हे बघून दोन प्रश्न पडतात. वरचा मैदा कोरडाच राहणार नाही का? आणि हे खरंच जमत असेल, तर मग इतकी वर्षं आपण फेटत कशाला बसलो?

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, ‘कधीकधी राहतो’. मी पहिल्यांदा हा केक केला तेव्हा मधोमध तळहाताएवढा भाग पिठूळ राहिला होता. चमचा लावला तर धूळ उडावी असा. कृती शब्दशः पाळली होती, पण तिच्यात एक गोष्ट सांगितलेलीच नव्हती: त्या कोरड्या पावडरीपर्यंत पाणी कुठून येतं, कसं येतं आणि किती लागतं. ते एकदा उमगलं की कपाटात जे फळ असेल त्याचा हा केक करता येतो, आणि बिघडला तर का बिघडला तेही सांगता येतं. त्यामुळे हा लेख चॉकलेटबद्दल असला तरी त्यात सगळ्यात जास्त बोलणं पाण्याचं आहे.

## काय लागतं आणि किती

साधारण २० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी भांडं घ्या. गोल असेल तर २२-२३ सेंटिमीटर व्यासाचं. दोन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच भरतं.

खालच्या थरासाठी ४५० ग्रॅम फळ: टीनमधल्या बिया काढलेल्या चेरी, अननस, पीच, पेअर, यांपैकी काहीही. शिवाय त्याच टीनमधला २०० मिलिलिटर रस. हा रस गार असतानाच त्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर कालवायचं आणि फळांवर ओतायचं. फळ नुसतंच गोड असेल तर लिंबू पिळायचं.

वरच्या थरासाठी १०० ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कोको पावडर, एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव लहान चमचा मीठ. हे सगळं कोरडंच नीट मिसळून चाळून घ्यायचं. चॉकलेट केक-मिक्सच्या तयार पाकिटात मुख्यतः याच वस्तू असतात, त्यामुळे पाकिटावाचून काही अडत नाही. फळांवर ही पावडर सारखी पसरली की तिचा थर जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा होतो. ही जाडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी १०० ग्रॅम बटर वितळवून सगळीकडे पोचेल असं ओतायचं. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सियसवर ४० ते ५० मिनिटं.

## पाणी वर चढतं ते दोन वाटांनी

मैद्याचा साधारण पाऊण हिस्सा म्हणजे स्टार्च, डोळ्यांना न दिसणारे पिठाचे कण. हे कण कोरडे असताना कितीही तापवले तरी ते भाजले जातील, शिजणार नाहीत. त्यांना पाणी मिळालं आणि तापमान साधारण ६० अंशांच्या वर गेलं की ते पाणी पितात, फुगतात, एकमेकांना धरून बसतात. केकचा मऊपणा हा मुख्यतः या फुगलेल्या कणांचा असतो. केकमध्ये साखर असते आणि तीही पाणी स्वतःकडे ओढते, म्हणून तिथे हे काम आणखी वरच्या तापमानाला, ८० अंशांच्या पुढे पुरं होतं. केक करायचा म्हणजे स्टार्चपर्यंत पाणी पोचवायचं. नेहमीच्या केकमध्ये ते आपण हाताने ढवळून पोचवतो. इथे ते काम भांड्यावर सोपवलेलं असतं.

पहिली वाट टीपकागदाची. सांडलेल्या शाईला टीपकागदाचं टोक लावलं की शाई आपोआप वर चढते, तसाच फळांचा रस पावडरीच्या कणांमधल्या बारीक फटींतून वर चढतो. ओव्हनमध्ये जायच्या आधीच हे सुरू होतं. काचेच्या भांड्यात बाजूने बघितलं तर पावडरीची खालची कड गडद होत जाताना दिसते. पण ही वाट फार लांब जात नाही. पीठ भिजलं की चिकट होतं आणि चिकट पीठ पाण्याची वाट अडवतं. पाण्यात टाकलेल्या पिठाच्या गुठळीचं बाहेरचं आवरण ओलं झालं की आतला गाभा कोरडाच राहतो, तो याच कारणाने.

तिथून पुढचं काम वाफेचं. भांडं तापलं की रस उकळायला लागतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १.७ लिटर जागा मागते, म्हणजे मूळ पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त. ही वाफ वर जायला जागा शोधते आणि पावडरीच्या थरात घुसते. वरची पावडर अजून तुलनेने गार असते, त्यामुळे वाफ तिच्यावर थंडावून पुन्हा पाणी होते, जसं उकळत्या पातेल्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं. अशा रीतीने ढवळण्याशिवाय पाणी कणाकणापर्यंत जाऊन पोचतं.

आता ती एक सेंटिमीटरची गोष्ट. थर पातळ असला तर या दोन वाटा पुरतात. हीच पावडर लहान, खोल भांड्यात दोन-अडीच सेंटिमीटर जाड झाली तर खालची शिजते आणि वरची तशीच राहते. माझ्या पहिल्या केकचं असंच झालं होतं. भांडं छोटं होतं आणि मधोमध पावडरीचा ढीग राहिला होता. म्हणून पावडर पसरून सारखी करणं ही या कृतीतली एकमेव खरी मेहनत आहे, आणि ती टाळू नये.

कॉर्नफ्लोअर गार रसात कच्चंच का कालवायचं, याचंही उत्तर इथेच आहे. रस आधीच शिजवून घट्ट केला तर पाणी त्यात अडकून बसतं आणि वर चढायला कमी उरतं. कच्चं कॉर्नफ्लोअर सुरुवातीला रसाला पातळच ठेवतं. पावडरीला हवं तेवढं पाणी मिळतं आणि नंतर, रस उकळायला लागला की तो दाट होतो. फळांचं तयार, घट्ट केलेलं मिश्रण वापरणार असाल तर त्यात चार-पाच मोठे चमचे पाणी जरूर घाला.

## मग बटर कशासाठी?

वाफ खालून येते, पण सगळ्यात वरच्या पापुद्र्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्यातलं बरंच पाणी खाली वापरलं गेलेलं असतं. शिवाय ओव्हनची उष्णता वरचा भाग सतत सुकवत असते. तिथे बटर उपयोगी पडतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी. स्निग्धांश मैद्याच्या आणि साखरेच्या कणांना वेढतो; त्या वेढ्यात ते कण खरपूस होतात, जसं बिस्किटात होतं.

म्हणजे एकाच थरात दोन वेगळे पदार्थ तयार होत असतात. खालचा अर्धा भाग वाफेवर शिजलेला, ओलसर केक. वरचा अर्धा भाग लोण्यात भाजलेलं कुरकुरीत बिस्किट. या केकची खरी मजा माझ्या मते या जोडीत आहे. जिथे पाणीही पोचलं नाही आणि बटरही, तिथे ती पिठूळ धूळ उरते.

बटर गार असताना त्याचे पातळ काप मांडण्याचीही पद्धत आहे. काप सगळी पावडर झाकत असतील तर तीही चांगली, पण जाड तुकडे इथे-तिथे टाकले तर त्यांच्यामधल्या जागा उपाशी राहतात. वितळवून, बारीक धारेने ओतणं जास्त भरवशाचं.

‘तेल चालेल का?’ चालेल. तेलात पाणी मात्र अजिबात नसतं आणि भाजल्यावर तपकिरी होणारे दुधाचे घटकही नसतात. ८० मिलिलिटर तेलात तीन मोठे चमचे पाणी किंवा दूध घालून, जोरात हलवून लगेच ओता. पोत जमतो. बटरचा खमंगपणा येत नाही, पण कोकोचा वास पुढे असल्यामुळे त्याची उणीव फारशी जाणवत नाही.

## ढवळलं तर काय बिघडतं?

आकाश कोसळत नाही. एक दाट, ओला, खाली बसलेला पदार्थ होतो आणि चमच्याने खाल्ला तर वाईटही लागत नाही. पण तीन गोष्टी जातात. कुरकुरीत वरचा थर जातो. फळांचा वेगळा, तजेलदार थर जातो. आणि मैद्यातली प्रथिनं पाण्यात एकत्र येऊन ग्लुटेन, म्हणजे रबरासारखं ताणणारं जाळं, तयार करतात. जितकं ढवळाल तितकं ते बळकट होतं आणि केक चिवट होतो. न ढवळल्यामुळे हे जाळं फारसं विणलंच जात नाही. अंडं नसूनही हा केक तोंडात विरघळतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. उंच, जाळीदार, कापल्यावर सरळ उभा राहणारा केक हवा असेल तर फेटावंच लागतं. बटर आणि साखर फेटताना त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडरचा वायू नवे बुडबुडे फारसे निर्माण करत नाही. आधीच असलेल्यांना मोठं करतो. फेटलेलं नाही म्हणजे बुडबुडे कमी, म्हणून डम्प केक बुटकाच राहतो. त्यामुळे फेटण्यात गेलेले कष्ट वाया गेले असं अजिबात नाही.

## सोडा की बेकिंग पावडर, आणि चेरी निळसर का पडते?

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काही भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. बेकिंग पावडरमध्ये हाच सोडा असतो, सोबत कोरडं आम्ल आणि दोघांना कोरडं ठेवायला थोडं स्टार्च. म्हणजे भांडणारे दोघे एकाच डबीत, पण पाणी मिळेपर्यंत गप्प. अल्फ्रेड बर्ड या इंग्लिश रसायनतज्ज्ञाने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली ती पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. आजच्या बहुतेक बेकिंग पावडरींमधलं आम्ल दोन हप्त्यांत काम करतं, थोडं ओलं झाल्यावर आणि बाकीचं तापल्यावर. न ढवळता होणाऱ्या केकला हे फारच सोयीचं, कारण इथे पावडर ओली होण्याची वेळ आपल्या हातात नसते.

नुसता सोडा घातला तर? फळ आंबट आहे, त्याचं आम्ल सोड्याला पुरेल असं वाटतं. अडचण अशी, की आम्ल खाली रसात आणि सोडा वर पावडरीत. वर जाणारी वाफ जवळजवळ शुद्ध पाणी असते. फळातलं सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल तिच्याबरोबर वर जात नाही. मग वरच्या भागातला सोडा आम्लाविनाच तापतो आणि त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, ज्याची चव साबणासारखी लागते. शिवाय सोडा बेकिंग पावडरच्या तीन-चारपट जोरकस असतो, त्यामुळे मोजताना थोडी चूक झाली तरी ती जिभेला कळते.

जिथे जास्तीचा सोडा फळाला भेटतो तिथे आणखी एक गंमत होते. चेरी, ब्लूबेरी यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. आंबट परिसरात ती लाल दिसतात, सोड्याच्या परिसरात निळसर-हिरवट. केकमध्ये फळाभोवती हिरवट कडा दिसली तर बुरशी समजून घाबरू नका. सोडा जास्त झालाय आणि लिंबू कमी, एवढाच त्याचा अर्थ.

## चॉकलेटला फळ इतकं का मानवतं?

कारण चॉकलेट हे मुळात एका फळाचंच बी आहे. कोकोच्या झाडाला रग्बीच्या चेंडूसारखी लांबट, जाड सालीची फळं लागतात. फोडलं की आत पांढऱ्या, गोड-आंबट गरात गुंडाळलेल्या बिया. या बिया गरासकट काही दिवस आंबवतात. गरातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं, मग जीवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते बियांमध्ये मुरतं, बी आतून बदलतं, आणि भाजल्यावर आपल्याला ओळखीचा वास येतो तो या आंबवण्यामुळे. न आंबवलेली बी भाजली तर तो वास येत नाही. म्हणून चांगल्या चॉकलेटमध्ये पुष्कळांना बेरी किंवा सुकवलेल्या फळांची झाक जाणवते. चॉकलेटवर चेरी ठेवणं म्हणजे दूरच्या नातलगांची गाठ घालून देणं आहे.

तरी कुठलंही फळ सारखंच जमतं असं नाही. कोको कडू असतो, आणि कडूपणाला नुसत्या गोडाने झाकलं की चव सपाट होते. आंबट फळ आणि चिमूटभर मीठ असलं की कडूपणा मागे सरकतो आणि चॉकलेटची चव पुढे येते. चेरी, रासबेरी, संत्रं, अननस यांच्याबरोबर लिंबू लागत नाही. केळं, पिकलं पेअर, टीनमधलं पीच यांना ते लागतंच.

कोको पावडरच्या दोन जाती मिळतात. साधी, फिकट आणि थोडी आंबट असते. दुसरी अल्कली लावलेली, गडद आणि सौम्य. हिला डच कोको म्हणतात, कारण ही पद्धत नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटन घराण्याची. कोको दाबून त्यातलं लोणी वेगळं काढण्याच्या यंत्राचं पेटंटही त्यांच्याच नावे, १८२८ सालचं. कोको पावडर हा स्वयंपाकघरातला सुटसुटीत पदार्थ झाला तो त्यानंतर. आपल्या केकला दोन्ही चालतात, कारण बेकिंग पावडर स्वतःचं आम्ल सोबत घेऊनच आलेली असते. फक्त सोड्यावर चालणाऱ्या कृतींमध्ये मात्र डच कोको घातला तर सोड्याला आम्ल कमी पडतं.

‘कोकोऐवजी चॉकलेटची वडी घालू का?’ कोकोच्या जागी नको, कोकोच्या जोडीला घाला. वडी चिरून ५० ग्रॅम तुकडे फळ आणि पावडर यांच्या मधोमध पेरले की त्यांची ओली, गडद पट्टी तयार होते. कोको बटर तोंडाच्या उष्णतेलाच, ३४-३५ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे केक कोमट असताना ते तुकडे अगदी लुसलुशीत लागतात. वितळवलेल्या चॉकलेटमध्ये मात्र पाण्याचे चार थेंब पडू देऊ नका. वितळल्यावर त्यातले साखरेचे आणि कोकोचे कण स्निग्धांशात मोकळे तरंगत असतात; थोडं पाणी मिळालं की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसतं. कोरड्या वाळूत थोडं पाणी पडलं की ती मुठीत धरता येते, तसंच हे.

## टीनमधलं फळ म्हणजे कमी प्रतीचं ना?

ताजं फळ हातात असेल आणि ते नुसतं खायचं असेल, तर टीनशी तुलनाच नको. पण हे फळ पाऊण तास ओव्हनमध्ये उकळणार आहे. ताज्या फळाचा करकरीतपणा तिथे टिकत नाही आणि क जीवनसत्त्वही बरंच जातं. टीनमधलं फळ आधीच शिजून मऊ झालेलं असतं, त्याचा रस आधीच बाहेर आलेला असतो, आणि या केकला पहिल्या दहा मिनिटांत नेमका तोच रस हवा असतो. हवाबंद भांड्यात उष्णतेने अन्न टिकवण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी १८१० मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून तत्त्व तेच आहे, हवा बंद करा आणि जंतू उष्णतेने मारा. टीन फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला असेल तर न उघडता टाकून द्या. यात काटकसर करू नये.

टीन नसेल तर प्रत्येक फळाला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्याकडे मोकळा रस किती, आणि तो लवकर देशील का?

गोठवलेल्या बेरी रस भरपूर देतात, कारण बर्फाच्या स्फटिकांनी त्यांच्या पेशी आधीच फाडलेल्या असतात. पण गोठलेल्याच भांड्यात टाकल्या तर त्या वितळेपर्यंत वरची पावडर तापत, सुकत राहते. आधी वितळू द्या, सुटलेला रस टाकू नका, कमी पडला तर पाणी घालून २०० मिलिलिटर करा.

सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पण ते पेशींत कुलूपबंद. पातळ काप करून तीन मोठे चमचे साखर लावून, थोड्या पाण्यात दहा मिनिटं शिजवून घ्या. साखर आणि उष्णता मिळून रस बाहेर काढतात.

केळं पिकलेलं असलं तरी मोकळा रस देतच नाही. मी इथे २०० मिलिलिटर संत्र्याचा रस घालते. केळ्याच्या चकत्या, संत्र्याचा रस आणि कोको हा माझा सर्वांत आवडता मेळ आहे. चेरीची आठवणही येत नाही.

सुकवलेली फळं तर उलटच वागतात. बेदाणे, जर्दाळू, अंजीर हे पाणी देणारे नसून घेणारे. ती कोरडी घातली तर पावडरीच्या वाट्याचं पाणी पिऊन टाकतात. गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, पाणी ठेवून द्या आणि तेच रस म्हणून वापरा. जॅम वापरायचा झाला तर त्यात साठ-पासष्ट टक्के साखर असते हे ध्यानात घेऊन तो पाण्याने सैल करा आणि लिंबू सढळ हाताने पिळा.

## साखर अर्धी केली तर?

हा प्रश्न रास्त आहे आणि मला तो नेहमी विचारला जातो. साखर कमी करायची तर खालच्या थरातून करा: पाकातल्या फळाऐवजी स्वतःच्या रसातलं फळ घ्या, फळांवर वेगळी साखर घालू नका. वरच्या पावडरीतली साखर निव्वळ गोडीसाठी नसते. ती वितळून बटरबरोबर कुरकुरीत कवच करते, ग्लुटेनला आवर घालते, ओलावा धरून ठेवते. ९० ची ७० ग्रॅम केली तर चालून जातं. ४५ केली तर वरचा थर कडक, कोरडा आणि कडवट होतो, कारण कोकोचा कडूपणा तेवढाच राहिलेला असतो.

## मायक्रोवेव्हमध्ये का जमत नाही?

साध्या मायक्रोवेव्हच्या लहरी मुख्यतः पाण्याला तापवतात. फळांचा थर मिनिटाभरात उकळतो, पण वरच्या कोरड्या पावडरीत पाणीच नसल्यामुळे ती तापत नाही, आणि भोवतालची हवा गार असते. अन्न तपकिरी आणि खमंग व्हायला पृष्ठभागाला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. ओलसर पृष्ठभाग १०० च्या पुढे सरकत नाही. म्हणून वर ओलं-कोरडं ठिगळ राहतं आणि रस उतू जातो. कन्व्हेक्शनची सोय असेल तर हवा तापते आणि केक ओव्हनसारखाच होतो.

## कोरडे डाग दिसले तर

३० मिनिटांनी ओव्हन उघडून बघा. फिकट, मॅट, धुळीसारखा भाग दिसला तर दोन उपाय आहेत. चमच्याच्या टोकाने तिथे तीन-चार भोकं पाडा, म्हणजे खालचा रस वर येईल. नाहीतर कडेला उकळणारा रस चमच्याने उचलून त्या भागावर सोडा, वर थोडं बटर. दहा-पंधरा मिनिटांत तो भाग बाकीच्यांना गाठतो.

हे डाग खरवडून उरलेला केक खाऊ, असं करू नका. मैदा दळून आलेला असला तरी तो कच्चाच असतो आणि त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जीवाणू असू शकतात. कोरड्या पिठातले जंतू उष्णतेत ओल्या पिठातल्यांपेक्षा जास्त तग धरतात, त्यामुळे ‘ओव्हनमध्ये होता म्हणजे शिजलाच’ हे कोरड्या डागाला लागू होत नाही. घरात लहान मुलं असतील तर याकडे विशेष लक्ष द्या. आणि कुत्रा असेल तर त्याला यातलं काहीच देऊ नका. कोकोमधलं थिओब्रोमिन त्याला विषासारखं बाधतं.

## झाला हे कसं ओळखायचं, आणि कधी खायचा

सुरी किंवा काडी खुपसून बघण्याची नेहमीची खूण इथे चालत नाही, कारण काडी फळाच्या रसात जाऊन ओलीच निघणार. कडेचे बुडबुडे बघा. सुरुवातीला ते भराभर येतात आणि पातळ रसाचे असतात. कॉर्नफ्लोअर शिजलं की ते मोठे, संथ, चकचकीत होतात आणि फुटायला वेळ घेतात. वरचा भाग सगळीकडे गडद आणि टणक दिसला, बुडबुडे संथ झाले, की काढा.

काढल्याबरोबर तो खूप पातळ वाटेल. घाबरून पुन्हा आत ठेवू नका. रस खरा घट्ट होतो तो थंड होताना, त्यामुळे निदान अर्धा तास हात लावू नये. शिवाय गोड, दाट रस उष्णता फार वेळ धरून ठेवतो आणि जिभेला चिकटतो; भाजलं तर वाईट भाजतं.

दोन तासांत संपला नाही तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी कवच मऊ पडलेलं असेल, कारण रसाने वर चढायचं काम रात्रभर चालूच ठेवलेलं असतं. केकचा भागही कडक वाटेल: थंडीत स्टार्चचे कण पुन्हा एकमेकांजवळ घट्ट येतात, आणि हे फ्रिजच्या तापमानाला बाहेरच्यापेक्षा वेगाने होतं. १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं उघडाच गरम केला की ते कण पुन्हा सैल होतात आणि वरचा पापुद्रा परत वाजायला लागतो.